दोन सकाळींच्या मधलं

अहो सुशीचे बाबा,

‘दोन टोकं सारखी दिसली म्हणून मधे काही घडलंच नाही, असं कधी समजू नकोस.’ लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, अंगणात उकिडवे बसून तुम्ही मला हे सांगितलं होतं. आज सकाळपासून तेच एक वाक्य कानात घुमतं आहे. आपली सुशी तापाने पडली आहे. तुमच्यासारखीच. स्टेशनावर न्यायला टांगा यायचा आहे, तोवर हात नुसते ठेवता येत नाहीत, म्हणून लिहिते. दुसरं सांगू तरी कुणाला?

आठवते ती रांगोळी? परतूरच्या शाळेत तुम्ही उर्दूतून हिसाब शिकवायचात आणि घरी मला मराठीतून. आकड्यांच्या वर्गांची आकृती काढायला घेतली होती. एकाचा एक, दोनाचा चार, तिनाचा नऊ. मी ठिपके देत गेले, शून्याच्या पलीकडे उणे आकड्यांचेही. तुम्ही माझ्या शिवणाचा दोरा एकाच्या ठिपक्यापासून तिनाच्या ठिपक्यापर्यंत ताणलात. ‘दोन घरं पुढे गेलो, आठाने चढलो. सरासरी दर किती?’ मी म्हटलं, चार. ‘पण पहिल्या घरात तीनच चढलो आणि दुसऱ्यात पाच. मग हा चार कुठे भेटला तुला?’ मी पुन्हा ठिपके मोजू लागले, आणि तुम्ही काय हसलात!

मग दोरा उचलून उणे दोन आणि दोन यांच्यावर धरलात. दोन्हीकडे चार. दोरा अगदी सपाट, दर शून्य. आणि त्या दोऱ्याखाली माझी रांगोळी चारावरून पार शून्यापर्यंत उतरून पुन्हा चढलेली! ‘दोरा खोटं बोलत नाही, इंदू,’ तुम्ही म्हणालात, ‘पण तो फक्त टोकांचं बोलतो.’

इतकं ज्याला कळत होतं, त्यानेच असं करावं?

तुमच्या आजारात मोठे भाऊजी रोज सकाळी थर्मामीटर लावायचे. फक्त सकाळी. दिवेलागणीला या घरात दुखण्याचं नाव काढत नाहीत; काढलं तर दुखणं घरात मुक्काम करतं, असं सासूबाई म्हणतात. संध्याकाळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून कुडकुडायचात आणि आईला वाईट वाटेल म्हणून गप्प राहायचात. सकाळ झाली की पुन्हा मास्तर! ‘काल सकाळी एकशे एक, आज सकाळी एकशे एक. दर शून्य! मास्तर जागेवरच आहे.’ सगळे हसले. भाऊजी सगळ्यांत जास्त.

शेवटी जालन्याला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, ‘इत्ते दिन क्या देखते रहे?’ काय सांगणार त्यांना? आम्ही सकाळ बघत होतो हो!

रागावू का तुमच्यावर? किती वेळा ठरवलं रागवायचं. जमत नाही.

आता सुशी. तिचीही सकाळ रोज सारखीच. एकशे एक. पण ह्या वेळी मी संध्याकाळी थर्मामीटर लावला. समई पेटवली आणि त्याच हाताने लावला. सासूबाई ओरडल्या, ‘अगं, दिवा लागून राह्यला आन् तू दुखन्याचं नाव काढती? असं करू न्हाई, ठाव न्हाई का तुला?’ सुशी त्यातही हसली. म्हणाली, ‘आजी, थर्मामीटर मुका हाय. तो कुठं नाव काढून राह्यला?’ पोरगी तुमचीच!

पहिल्या संध्याकाळी एकशे एक, मग एकशे दोन, आणि काल एकशे चार. आधी एकाने चढला, मग दोनाने. पायऱ्याच मोठ्या होत चालल्या आहेत. आणि रोज सकाळी तो गुपचूप खाली येऊन जागेवर बसतो, जणू काही झालंच नाही.

आज सकाळी भाऊजींना म्हटलं, जालन्याला नेऊ या.

‘कशाला? कालच्याएवढाच तर हाय. बराबर. वाढला न्हाई, मंग कशाला पळायचं? आन् बाहेर दिवस कसले हाईत, गाडीत कशी लुटालूट, मारहाण चाललीय, कळतं का काही?’

‘भाऊजी, काल दिवेलागणीला एकशे चार होता.’

‘दिवेलागणीला बघतंच कोन?’

‘मी बघते.’

ते उठून बाहेर गेले. कधी नव्हे ते मी त्यांना उलट बोलले. बाईमाणसाने तरण्या पोरीला घेऊन एकटीने गाडीत बसायचे हे दिवस नाहीत, हे मलाही कळतं. पण संध्याकाळच्या आत तिथे पोचायला हवं. मघाशी सासूबाई आल्या. पाण्याचा तांब्या फडक्यात बांधून माझ्याजवळ ठेवला आणि सुशीच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांचाही मुलगा त्याच खाटेवर होता ना.

वचन देते तुम्हाला. कुणी अडवलं तरी मी तिला आज नेणार. डॉक्टरांना सकाळ सांगणार नाही, तिन्ही संध्याकाळी सांगेन. ऐकलं नाही तर त्यांच्या दारात बसून राहीन.

आणि एक मागणं आहे. काल ताप चढला तेव्हा सुशीने दाराकडे बघितलं आणि अगदी शुद्धीवर असल्यासारखी म्हणाली, ‘बाबा, थांबा ना, चप्पल घालते.’ मी उठून दार लावून घेतलं. गाडीत ताप चढेल, ती पुन्हा हाक मारेल. तुम्ही ओ देऊ नका. वळून बघूही नका. तिने हाक मारली आणि तुम्ही गेला नाहीत, असं जन्मात झालं नाही, ताटावरून उठायचात. म्हणून माहीत आहे मला, तुम्ही माझं ऐकणार नाही. तरी पदर पसरते. एवढी एक हाक न ऐकल्यासारखी करा.

तुमची,
इंदू