मांजराचे हातमोजे

पांडेसरा, रविवार, १२ मे १९९६

रद्दीवाल्याकडून जुनं इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणलं. टपरीवरच्या टीव्हीत पळतं तेच मांजर. वाचता येत नाही, पण चित्रं बघून हसत होतो. शेजारच्या खाटेवरून नामदेवदादा म्हणाला, "बोटं मोज त्यांची."

मांजर, ससा, डुक्कर, सगळ्यांना चारच. आणि सगळे हसताहेत.

दादाची करंगळी मिलमधे रोलरात गेली. "आपलेच भाऊबंद रे," म्हणे.

उद्यापासून त्याचं मशीन मला दिलंय. मुकादमाला नाही म्हणायला हवं होतं का? दादाने त्याचे हातमोजेही दिले, एकाची करंगळी शिवून बंद केलेली.

पुन्हा पुस्तक उघडलं. पांढरा मोजा घालून मांजर मला हात दाखवतंय. चारच.

मग मीही दादाचा तो शिवलेला मोजा घातला. बरोबर बसला. माझी करंगळी आत कुठे गेली, कळलंच नाही.