ही मागाहून येते आहे

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांतली जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला आणि हट्ट दोन्ही जागच्या जागी असतील, असं धरून चालतो.

ही देवाघरी गेल्यापासून (तिथल्या व्यवस्थेवरून देवाची आता खैर नाही) तू माझ्यामागे हवापालटाची भुणभुण लावली होतीस, म्हणून मुकाट्याने इथे आलो. हवा पालटली, मी आहे तसाच आहे. दरवर्षी आम्ही दोघं यायचो तेच गाव, तेच हॉटेल, तीच कोपऱ्यातली खोली. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये समुद्र. समुद्र कसला, बशीत ओतलेला चहा! लाट म्हणून नाही. हिला लाटांची भीती वाटायची म्हणून हे गाव, आणि पूर्ण भाडं द्यायचा राग यायचा म्हणून हा बिनहंगामाचा मुहूर्त. दुकानं बंद, बाकं ओली, आणि अख्ख्या हॉटेलात पाहुणा मी एकटा.

पोचलो तर मॅनेजर दारातच उभा. माझ्या खांद्यावरून मागे बघत त्याने विचारलं, बाईसाहेब कुठायत? अक्का, उत्तर साधं होतं. बसमध्ये मी ते घोकतही आलो होतो. पण तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? "मागाहून येतायत."

झालं! त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. हिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. गळका नळ, कोमट चहा, न लागणारी खिडकी यांवरून ती दरवर्षी त्याची अशी काही हजेरी घ्यायची, की मी आपला समुद्राकडे बघत उभा राहायचो (आणि तिची पाठ वळली की हळूच त्याची माफी मागायचो). आता सगळं हॉटेल कामाला लागलंय. प्लंबर येऊन गेला, त्याच्यामागे सुतार. खिडकी एका बोटाने लागते. चहा असा उकळता येतो की जीभ पोळते, चव कसली ती कळतच नाही. स्वयंपाकी तर भाजी आधी मला चाखायला लावतो, बाईंना चालेल ना म्हणून. आणि मी, लाज वाटते सांगायला, बेधडक ठोकून देतो की मीठ कमी आहे, त्या ऐकून घेणार नाहीत. मीठ बरोबर असतं गं.

रोज संध्याकाळी मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून तिला आणायला बसथांब्यावर जातो. आधी मी खोलीत दडून बसलो. पण त्या बिचाऱ्याला एकट्याला कुठे पाठवायचं, म्हणून आता मीही जातो. बस येते, कोणी दोघं-चौघं उतरतात, बस निघून जाते. तो म्हणतो, उद्या येतील. मी म्हणतो, सामान आवरत नसेल. खरं तर उशीर हा शब्द तिला माहीतच नव्हता. कुठे जायचं असलं की ही आधीच चपला घालून दारात, आणि मी अजून मोजे शोधतोय. गेली तीही तशीच, मी तयार व्हायच्या आत. फार आठवण येते गं, अक्का. भांडायला कोणी नाही, आणि कुणाची माफी मागायचं कारणही उरलं नाही.

भावजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. स्वेटर घरीच विसरलो. पण पाठवू नकोस. कपाट उघडशील, तिचे कपडे दिसतील आणि तूही तिथेच रडत बसशील.

आणखी एक. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. मॅनेजरला फोन करून काय झालं ते तूच सांगून टाक. तुझा आवाज खणखणीत, एका दमात सांगशील. माझ्या तोंडून निघत नाही.

आणि हे शेवटचं. फोन कर, पण संध्याकाळची बस येऊन गेल्यावर कर. त्याआधी नको.