गूळ आधीच वाटला

झाशी छावणी, फेब्रुवारी १९४२

तीर्थस्वरूप आईच्या पायांवर मानसिंगचं डोकं.

मी खुशाल हाय. तू धाडलेला गूळ पोचला. पलटणीनं फुटबॉलचा सामना जिंकला की वाटायचा, म्हणून ठिवला हुता.

आमचा संघ बघणारं नवं सुभेदार म्हंत्यात, "गोल राखत बसू नगा, समद्यांनी फुडं जावा." आदी खेळ बघाय बसलेली आमच्याच पलटणीची माणसं खवळायची, "समदी फुडं गेल्यावर राखण कोण करनार?" आता दोन गोल खाल्लं तरी कुणी उठून जात न्हाई. "थांब गड्या, आपुन तीन मारू," म्हंत्यात. रविवारी तर खेळाच्या आदीच माज्याकडनं गूळ मागून खाल्ला. चार-तीननं हरलो, तरी सुभेदारास्नी खांद्यावर घिऊन आली!

म्हस व्याली का? धाकल्या राहीचा खोकला थांबला का?

निघताना येशीपाशी तू म्हणालीस, "लेकरा, समद्यांच्या मागं ऱ्हा." खेळात मी मागंच हुतो, पर सुभेदारांनी मलाबी फुडं काढलंय. लय मजा येती.

फुडल्या म्हैन्यात पलटण लढाईवर निघंल. तितंबी आमच्यावर हेच सुभेदार हायेत, तवा घोर करू नगंस.

तुजा,
मानसिंग