पोलादाचा फुगलेला दाणा

आश्विन शु॥ ९, शुक्र.
खांडेनवमी. धोंडबा लोहाराकडे हत्यारांची पूजा, मंत्र माझ्याकडे. पाठशाळेत बारा वर्षं घासलेल्या संस्कृताला आता एवढंच गिऱ्हाईक. पुण्याच्या साप्ताहिकाला नागपूरची वार्तापत्रं लिहितो, ती संपादक कापतात. इथे कापणारं कोणी नाही, म्हणून सगळं म्हटलं. देवीची नावं दोनदा. हातोडे, सांडशी, सगळं फुलांखाली. भट्टीत मात्र पोलादाची एक खीळ तशीच, कामठी रस्त्यावरच्या, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची. धोंडबाचा जावई नामदेव भाता ओढत होता. माझा आवाज चढला की त्याचाही हात चढे. धोंडबा चुळबुळला. मी डोळ्यांनी दटावलं. आरती होईस्तोवर सांडशीला हात लावायचा नाही, हा त्याच्याच घरचा नेम. शेवटी खीळ निघाली ती पांढरी, ठिणग्या सोडत. पाण्यात घातली. किंचाळलीच.

शु॥ १०, शनि.
दसरा. सोनं वाटलं. प्रेसचा माणूस खीळ घेऊन गेला. धोंडबाला त्याच्याच बोलीत छेडलं, "सणाचं तोंड काहून पाडलं गा?" "काही नाही जी."

शु॥ १२, सोम.
आज बोलला. खिळीच्याच सळईचा उरलेला तुकडा त्या दिवशी तिच्याशेजारीच भट्टीत होता, तितकाच वेळ. तो ऐरणीवर ठेवून एक घाव घातला. मडक्यासारखा फुटला. आत चकचकीत खडे, खडीसाखरेसारखे.
"पाहा शास्त्रीबुवा. दाणा फुगला."
मग जुन्या छिन्नीचा तुटका तुकडा दाखवला. आत राखेसारखं बारीक.
"चांगल्या पोलादाचा दाणा डोळ्याले दिसत नाही जी. डाळिंबी लाल झालं का काढा लागते. त्याच्यावर आग खाल्ली का दाणे एकमेकाले गिळतात, मोठे होतात. मंग वरून लय कडक, अन् झटका बसला का काच."
"किती वेळ जास्त झाला?"
"तुमची आरती होईस्तोवर."
विनोद सुचला होता. गिळला.
खीळ कशाची, तेही आजच विचारलं. रुई दाबतात त्या पेटीचं दार ती अडवून धरते. हंगामात त्या दारापुढे मजुरीला उभा राहतो नामदेव.

शु॥ १३, मंगळ.
मी आणि धोंडबा प्रेसवर. मॅनेजरने खिळीवर कानस घासून दाखवली, ओरखडा नाही. "इतना कडक माल! और क्या चाहिए, पंडितजी?" कडक आहे हेच दुखणं, म्हटलं. "आप श्लोक देखिए, मशीन हम देखेंगे." हंगामाचा मुहूर्त पौर्णिमेचा, हलणार नाही. तो कोणी काढून दिला, हे इथे लिहीत नाही.
नामदेवला म्हटलं, तू जाऊ नकोस.
"मी नाही गेलो त दुसरा उभा राहीन जी. त्याले कोन सांगन?"


शु॥ १४, बुध.
धोंडबाने नवी खीळ केली. रंगावरून नजर हलवली नाही. मी भात्यावर, तोंडातून अक्षर नाही. डाळिंबी होताच काढली, विझवली, मग मंद आचेवर पुन्हा शेकली. "विझवल्यावर ताठा येते तिले. तो थोडा उतरवा लागते." माझ्याकडे पाहून म्हणाला. सोबतचा तुकडा आधी वाकला, चौथ्या घावाला तुटला. आत राख. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पौर्णिमा, गुरु.
प्रेसच्या फाटकाबाहेर, बैलगाडीच्या साटीच्या फळीवर कागद ठेवून लिहितो. आम्ही वेळेवर आलो. पाळी त्यांनीच आधी सुरू केली. नामदेव आत. नवी खीळ दरवान घेऊन गेला, मॅनेजरला देतो म्हणाला. आम्हाला आत जायचा हुकूम नाही.
प्रत्येक दाबाला जमीन हादरते. धोंडबा मातीवर तळवा टेकून बसला आहे. "धरून आहे अजून," एवढंच बोलतो. पुन्हा दाब. "धरून आहे."
आत्ता यंत्र थांबलं.
खीळ बदलायला थांबलं असेल. धोंडबा हात उचलत नाही. फाटकाच्या आत पावलं वाजताहेत. पळणारी.