मेमरीत अडकलेला जावई

रावेर,
२१ ऑक्टोबर १९९७

प्रिय यशे,

विहीणबाई म्हणायला पाहिजे, कळतं मला. पण चौथीपर्यंत तुझ्याच शेजारी बसून तुझ्या वेण्या ओढल्यात, आता कुठला आणू मान! बन्सीचं पत्र आलं. दिवाळीला यायचं काही जमत नाही म्हणतो, तुमच्या कॉम्प्युटरची मेमरी बिघडलीय. तुळशीचं लग्न लागलं की लोक व्याह्यांकडे लग्नपत्रिका करून घ्यायला येतील, त्याच्या आत तो चालू झाला पाहिजे. म्हणजे माझा लेक आणि तुझी लता दोघंही धुळ्यातच. हे गेले, मागची दिवाळी सुतकात गेली. औंदा दारात पणती लावायची, तर ती मी एकटीनं लावू काय गं?

जळते मी तुझ्यावर, लिहूनच टाकते. गुरुजी फळा पुसायला तुलाच उठवायचे तेव्हापासूनची जळते. बन्सीला धुळ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तूच म्हणालीस, काळजी करू नको, दोन गल्ल्यांवर घर आहे, मला लेकासारखाच तो. मी आपली हो म्हणाले. तू खरंच लेक करून घेशील हे मला काय माहीत! शाळा सुटली की तुमच्याकडे, जेवण तुझ्या हातचं. त्या दिवशी फोनवर मला म्हणतो, "आई, बठ्ठं ठीक शे." रावेरचं पोरगं, 'सगळं ठीक आहे' म्हणायचं सोडून तोंडात धुळ्याची बोली! मीपण तसाच ठसक्यात फोन ठेवला.

पत्राची दोन पानं नुसती मेमरी. चालू केला की तीनदा पिंपिं करतो आणि पडदा काळा. आधी दोन हिरव्या पट्ट्या काढून पुसल्या म्हणे, मग एक काढून दुसरी लावली, मग अदलाबदल केली. जळगावहून ओळखीच्याची तिसरी पट्टी आणून लावली, तरी तेच. पहिल्या खाचेत कुठलीच पट्टी चालत नाही म्हणतो. एवढं सगळं लिहून शेवटी एक ओळ, "तुझे गुडघे कसे आहेत?" यशे, माझ्या गुडघ्यांना दोन पानं कधी मिळाली नाहीत गं.

मी खंडेनवमीला तुमच्याकडे आले होते ना. इथं रावेरात ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून पूजा करतो, तशी बन्सीनं तुमच्या डब्याची पाठ उघडली. तू ताट धरलंस, त्यानं किती मायेनं हळद-कुंकू वाहिलं! बापाचा केळी कापायचा कोयता मात्र इथं भिंतीला टांगलेला, त्याला औंदा सकाळी निघायच्या आधी माझ्याच हातचं हळद-कुंकवाचं बोट लागलं. व्याही म्हणाले, आमचा जावई म्हणजे हिरा. तू गालात हसलीस. बघितलं मी.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते लिहिते. आरती झाल्यावर तुम्ही सगळे प्रसाद घ्यायला आत गेलात. माझ्या मुठीत ओल्या अक्षता होत्या. त्यातल्या दोन-तीन कण्या मी पट्टीच्या बाजूनं खाचेत दाबल्या. हात घसरला असं म्हणणार होते, पण तुला माझा हात ठाऊक आहे. वाटलं, डबा बंद पडेल, संध्याकाळी पोरगं मोकळं होईल, मला घेऊन रावेरला येईल. झालं उलटंच. बंद पडला आणि तो जास्तच चिकटला. कण्या वाळून आत घट्ट बसल्या असतील. वायर काढून ठेवा, बॅटरी धरून खाचेत बघा, उदबत्तीच्या काडीनं हळूच उकरा, फुंकर मारा, मग पट्टी बसवा. आणि बन्सीला सगळं खरं सांग, लपवू नको. चिडेल तो. चिडू दे. फक्त म्हणावं, आईवर रागवायचं तर तिथून नको, घरी येऊन समोर उभा राहून रागव.

तुझीच जळकी,
झुंबर