दोन अंगणांमधली भिंत

१४ जानेवारी

दुपारी अरेझ्कीला पुरलं. कबर खणताना तिच्यात पाणी भरत होतं, माणसं बादल्यांनी उपसत होती. माझा धाकटा दीर! आणि आमच्या अंगणाची भिंत त्याच्यावर पडली. आमच्या.

लिहिलं की खरं वाटेल म्हणून लिहिते. काल सकाळी तो बकरी सोडायला निघाला होता. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती. आमचं घर चढावर, त्याचं खाली, मधे ती भिंत. मी चुलीपाशी होते. ट्रक उलटावा तसा आवाज झाला. बाहेर आले तर अंगण अर्धंच उरलेलं. लिंबाचं झाड खाली, मुळं वर. त्याच्या पलीकडे समुद्र एकदम जवळ आल्यासारखा दिसत होता. आणि अरेझ्कीची बायको मल्हा ओरडत होती. नाव नाही, शब्द नाही — नुसती ओरडत होती.

भिंत मोक्रानने बांधलेली. माझ्या नवऱ्याने. सख्ख्या भावाच्या डोक्यावर.

१७ जानेवारी

मोक्रान जेवत नाही. भाकरीचा तुकडा तेलात बुडवतो आणि तसाच ठेवतो.

गावातले वडीलधारे येऊन बसले होते. "अल्लाची मर्जी, मोक्रान. कपाळावर लिहिलेलं कोण पुसणार?"

तो म्हणाला, "वाळू अल्लाने नाही आणली. मी आणली."

मग कॉफी पिऊन गेले.

वाळू खालच्या किनाऱ्यावरची. अंगण वाढवायचं म्हणून सासऱ्यांची दगडी भिंत पाडून त्याने सिमेंटची उभी केली होती. सगळं गाव तीच वाळू आणायचं, धुवायचं कोणी नाही. आज त्याने ढिगातला एक गज उचलून मला दाखवला. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटत होते. आत लोखंड उरलंच नव्हतं. मीठ!

२० जानेवारी

मल्हाकडे गेले. जाऊ माझी, पण मला धाकट्या बहिणीसारखी. दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मोक्रान माझ्या मागे, मान खाली.

"दा मोक्रान," ती म्हणाली, "गवंडी बोलावू नका. तुम्हीच बांधा. माझ्या डोळ्यांसमोर. इद्दत आहे माझी, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, दुसरं काम काय मला? बसून बघते."

घनिमा, तिची लेक, "आई, पुरे," म्हणत होती. तिने ऐकलं नाही.

२१ जानेवारी

पाऊस नाही. त्याने फावडं घेतलं.

९ फेब्रुवारी

अजून ढीगच उपसतोय. सिमेंटचे तुकडे एकीकडे, माती एकीकडे, सासऱ्यांच्या भिंतीचे जुने दगड तळाशी गाडलेले निघतात ते वेगळे. मी टोपल्या वाहते. गुडघे गेले आमचे दोघांचे. माझी लेक फोनवर म्हणाली, "बाबांना सांग, मशीन लावा." या वाटेवरून गाढव जेमतेम उतरतं, मशीन कुठून येणार!

मल्हा उंबऱ्यावर बसलेली असते. मसूर निवडते, लोकर विंचरते. नजर आमच्यावर.

२३ फेब्रुवारी

चाळिसावा दिवस झाला. मी कुसकुस केलं, मटण आणि वाटाणे घालून, अरेझ्कीला आवडायचं तसं. मोठं ताट भरून मल्हाकडे पाठवलं.

ताट परत आलं. वरचं फडकंसुद्धा तिने उचललेलं नव्हतं.

३ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी ढिगाच्या तळाशी सिमेंटचा एक तुकडा निघाला. त्यात पाण्याची नळी. भिंतीतून पाणी बाहेर पडावं म्हणून मोक्रानने तळाशी अशा नळ्या ठेवल्या होत्या, मला आठवतं. तिच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या, वर सिमेंट थापलेलं. खालच्या अंगणाच्या बाजूने!

माझ्या डोक्यात लख्ख झालं. दर हिवाळ्यात अरेझ्की कुरकुर करायचा — "दा, तुमचं पाणी आमच्या दारात! बदकं पाळू का?" हसत म्हणायचा, पण म्हणायचा. म्हणजे त्याने बुजवली. पाणी आत तुंबलं, माती फुगली, आणि गंजलेली भिंत ढकलली गेली.

मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं.

तुकडा पदराखाली धरून मोक्रानकडे गेले. मल्हा तेव्हा आत होती. त्याने बघितलं, माझ्या हातातून घेतला आणि खड्ड्यात टाकून वर दोन टोपल्या खडी ओतली.

"आणखी होत्या," म्हणाला. "त्याही गाडल्या."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"त्याला बाहेर काढलं तेव्हापासून."

"आणि गप्प बसलास? गाव तुला भावाचा मारेकरी म्हणतंय—"

"वाळू माझीच होती, वर्दिया."

"मल्हाला तरी सांग!"

तेव्हा त्याने फावडं खाली ठेवलं. "तिच्यापुढे एक शब्द काढलास तर मी हे घर सोडून जाईन." आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी बोलला नव्हता.

४ मार्च

बोलले नाही मी त्याच्याशी. तोही नाही.

१६ मार्च

पाया खडकाला टेकला. खाली कातळ लागेपर्यंत खणला त्याने, आणि कातळालाही आतल्या बाजूला उतार दिला. भिंत सरळ उभी नाही करायची म्हणतो. चढावर रेललेली हवी, थकलेलं माणूस उशीला टेकतं तशी. सिमेंट नाही, गज नाही. दगडावर दगड. अधूनमधून एक लांब दगड आडवा, पार मातीत घुसणारा. मागे खडीचा हातभर थर.

मल्हा बसल्या जागेवरून म्हणाली, "ही किती टिकेल, दा मोक्रान? की माझ्या लेकीलाही घेणार?"

त्याने दगड बसवला. "ही तुझ्या नातवंडांना पुरेल."

"अरेझ्कीलाही नातवंडं बघायची होती."

जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. ओठ आवळले, टोपली उचलली, चढावर आले आणि चुलीपाशी रडले. घनिमाचं लग्न पुढे ढकललंय.

२ एप्रिल

"तो दगड उलटा बसलाय," मल्हा म्हणाली.

मोक्रानने मागे सरून पाहिलं. "कोणता?"

"तो, राखाडी. जाड बाजू बाहेर आलीय. आत जायला हवी ना?"

त्याने दगड काढला, फिरवून बसवला. "बाईचं बरोबर आहे."

"बघून बघून गवंडीण झाले मी," ती म्हणाली. घनिमाला हसू फुटलं. मलाही! मग सगळ्यांना एकदम आठवलं.

११ एप्रिल

त्याची दोन बोटं दगडाखाली चेंगरली. नखं काळी पडली. मी डॉक्टर डॉक्टर करते, हा हात झटकून पुन्हा दगड उचलतो. मल्हा उठून आत गेली. परत आली तेव्हा उंबऱ्यावर तेलाची वाटी आणि स्वच्छ फडकं ठेवलं, आणि पुन्हा आत. दार लावून घेतलं.

त्याने ते तेल लावलं. फडकं बांधताना त्याचे डोळे भरले. बोटांमुळे नाही.

२७ एप्रिल

अवकाळी वादळ. समुद्र पांढरा झाला होता, वाऱ्याने मीठ खिडक्यांवर येऊन बसत होतं. भिंत छातीएवढी झालीय. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मोक्रान पावसातच उभा.

पाणी आलं. तळाच्या भोकांमधून आधी गढूळ, मग स्वच्छ. त्याने खोदलेल्या चरातून सरळ ओघळीकडे गेलं, मल्हाच्या दारात थेंब नाही. भिंत जागची हलली नाही.

मल्हा डोक्यावरून शाल घेऊन बाहेर आली. एका भोकापाशी उकिडवी बसली आणि वाहत्या पाण्याखाली तळहात धरला. घनिमा हाका मारत होती. ती उठेना. मला वाटलं, नवऱ्याची आठवण.

तिच्यासाठी तरी मी गप्प बसले ते बरंच झालं. आज पहिल्यांदाच तसं वाटलं.

१२ मे

भिंत पुरी झाली. वरचे सपाट दगड बसले. वडीलधारे बघायला आले, हात फिरवला, "तुझ्या बापासारखी," म्हणाले. हे ऐकायला त्याने जन्मभर वाट पाहिली असेल. आज नुसती मान हलवली.

संध्याकाळी कबरस्तानात गेला. एकटाच.

२४ मे

मल्हाची इद्दत संपली. घराबाहेरचं पहिलं पाऊल आमच्याकडे. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"जुन्या भिंतीची भोकं मी बुजवली होती, दा मोक्रान. सप्टेंबरात. अंजिरं वाळत घातली होती, पाण्याने नासली असती. अरेझ्कीला ठाऊकसुद्धा नव्हतं."

मोक्रानने तिच्यासाठी कॉफी ओतली.

"माहीत आहे गं," म्हणाला. "सिमेंट ओलं असताना बोटं उमटली होती. बारीक."