शिळ्या उन्हाचे दिवे

तलवाडा, ता. गेवराई

तीर्थस्वरूप धोंडीराम मामा आणि मामी, दोघांच्या पायावर भाचा अजिनाथचा दंडवत.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं न्हाई. फोन सोडून पत्र कावून, ते आधी सांगतो. तुमी फोन स्पीकरवर टाकता आणि दिंद्रुडच्या स्टँडावरचं समदं हॉटेल आपलं बोलणं ऐकत बसतं. इकडं आईचे कान असे तिखट की मी गोठ्यात बैलाला हळूच शिवी दिली तरी ओसरीवरून जाब येतो. म्हणून कागद घेतला. मामीचा गुडघा कसा हाय? डॉक्टरला दाखवला का अजून रुईचा पालाच बांधताव? म्हैस गाभण राह्यली का? इकडं समदे खुशाल, असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहितो. खुशाल काही न्हाई. परवापासून माझं डोकं सुन्न झालंय.

सुरुवात झाली अंगणातल्या दिव्यांपासून. मागच्या महिन्यात आई अंगणात बादलीला अडखळून पडली. कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. पर पडल्यापडल्या म्हणली, अंगणात अंधार लई हाय. आता मामा, दिवस मावळायचा व्हता, कोंबड्या अजून उकिरड्यावर फिरत व्हत्या. पर आई अंधार म्हणली म्हणजे अंधार, आमच्या घरात तिची उलटतपासणी घ्यायची कोणाची टाप न्हाई. शिवाय मी पंचायतीत दोनदा निवडून आलेला माणूस. गावात खांबाखांबावर दिवे मी लावले (मारुतीच्या पारावरचा सोडला तर समदे अजून लागतात, आणि त्यात माझा दोष न्हाई, तिथं पोरं क्रिकेट खेळतात). त्याच माणसाची आई त्याच्याच अंगणात अंधारात पडली, हे विरोधी पार्टीला कळलं तर काय अब्रू राहील?

तर दिवे आणायचे ठरले आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. वनमाला म्हणली (तुमची सूनबाई किती हळू म्हणती ते तुमाला म्हाईत हाय) की सोलरच पायजे. बिल न्हाई, वायर न्हाई, डीपी जळली तरी आपल्याला फिकीर न्हाई, दिवस बुडला की आपलं आपण लागतंय. आई म्हणली, मला लाईटीचाच दिवा पायजे आणि बटन दारापाशी पायजे. जसा ओसरीवरचा जुना बल्ब हाय तसा. कावून, तर सांगंना. बटन पायजे म्हणजे पायजे. मी दोघींच्या मधी बसून दोन दिवस नुसता चहा पिला, आणि शेवटी गेवराईला गेलतो. दुकानदारानं भर दुपारी शटर खाली ओढून सोलरचा उजेड दाखवला. मी तितंच गार झालो. अर्धा डझन उचलले, दारापासून गोठ्यापर्यंत भिंतीवर ठोकले, आणि वनमालानं जुना बल्ब काढून माळ्यावर टाकला.

संध्याकाळी समदे एकदम लागले. काय सांगू मामा, शेळ्या बावरल्या, कोंबडा बांग द्यायला लागला, रस्त्यानं चाललेली माणसं थांबली. मी कंबरेवर हात ठेवून उभा. आणि आई ओसरीवरनं म्हणती, "अजिनाथा, आज दिवा लावायचा न्हाई का?"

मी हबकलोच. तुमाला तर म्हाईत हाय, दिवा लागल्याबिगर, त्याला हात जोडल्याबिगर आई घास तोंडात घालत न्हाई. म्हणलं, आई, लागले की! हात करून दाखवलं. ती तिकडं मान बी वळवंना. म्हणली, ते असू दे, तू दिवा लाव. ताट समोर, सहा दिवे डोक्यावर, आणि म्हातारी उपाशी! शेवटी वनमालानं तुळशीपुढं पणती ठेवून काडी ओढली, तशी आईनं हात जोडले आणि जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सासूनं मुद्दाम आपल्या दिव्यांचा पाणउतारा केला म्हणून वनमाला रडली, आणि मग तिनं भाकरी अशा थापल्या की शेजारचे तात्याबा काय झालं म्हणून बघायला आले.

ह्या तात्याबांना कोणी काही विचारत न्हाई, म्हणून ते समद्यांना सांगत सुटतात. त्यांनी ओसरीवर मांडी घातली आणि निकाल दिला. सोलर म्हणजे काय? दिवसा पडलेलं ऊन धरून ठेवायचं आणि रातच्याला काढायचं. म्हणजे शिळं ऊन. तुझी आई शिळी भाकर देवाला दाखवती का? मग शिळ्या उजेडाला हात कशी जोडील? मामा, खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. नुसतं मलाच न्हाई, निम्म्या गावाला पटलं. दोन घरांनी तर आपापले सोलर दिवे तुळशीपासून हलवून संडासाकडं नेऊन लावले. आईला विचारलं तर तिनं बी मान हलवली, म्हणली, तात्याबा म्हणतो तसंच हाय. (तात्याबाचं तिला पटलं, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. मला तवाच शंका यायला पायजे व्हती.)

मग काय, सोलर दिवे मळ्यातल्या विहिरीवर गेले. अंगणात लोखंडी पाइप रोवला, वर लाईटीचा मोठा बल्ब, दारापाशी बटन. मी मळ्यातून यायचो, बटन दाबायचो, खट् झालं की आई हात जोडायची आणि म्हणायची, वाढ गं वनमाला. घरात शांतता झाली. तात्याबा तर हारतुऱ्यांची वाट बघत फिरत व्हते.

आणि परवा डीपी जळली. समद्या गावात लाईट न्हाई. मी दिवसभर डीपीपाशी लाईनमनच्या मागं उभा राहून थकून घरी आलो आणि सवयीनं बटन दाबलं. खट्. अंगणात मिट्ट काळोख, ओसरीवर आतल्या चुलीच्या जाळाची तेवढी तांबूस झाक. आणि त्या काळोखात, मामा, आईनं हात जोडले. कपाळाला लावले. म्हणली, वाढ गं वनमाला.

माझा हात बटनावरच राह्यला. वाटलं आपल्यालाच भास झाला. मी बटन वर केलं, परत खाली दाबलं. आईनं परत हात जोडले आणि चिडून म्हणली, कितीदा लावतो रे? आत वनमालाच्या हातून तांब्या पडला. मी मोबाईलची बॅटरी लावून आईच्या तोंडापुढं नेली, अगदी नाकाजवळ नेली, तवा ती म्हणली, काय रे ते पांढरं पांढरं? मामा, मी तितंच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. पंचायतीत दोनदा निवडून आलेला माणूस रडला, लिहायला लाज न्हाई वाटत. रोज तिच्या समोर बसून जेवलो आणि मला कळलं न्हाई! डाळ ती हातानं निवडती, माणूस पावलांवरून ओळखती, भिंतीला हात लावून चालती, आणि आमी म्हणतो म्हातारीचे कान काय तिखट!

मग विचारलं, बटन कावून पायजे व्हतं? म्हणली, बटन तूच दाबतोस. ते वाजलं की कळतं पोरगं मळ्यातून घरी आलं, मग घास उतरतो. तुझे ते सोलर मुके हायेत, ते काय सांगणार?

मामीला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर पत्रानं देऊ नका, स्वतः या.

तुमचा भाचा,
अजिनाथ

ता. क. : या म्हणलं त्याचं कारण असं. गेवराईच्या डोळ्यांच्या डॉक्टरला विचारून आलो. ते म्हणले, पांढरं दिसतंय म्हणजे आशा हाय, बहुतेक मोतीबिंदू पिकला असंल, पर आता उशीर करू नका, तपासायला आणा. आई दवाखान्याचं नाव काढू देत न्हाई. आणि त्याला कारण तुमी हाव मामा. तुमच्या शिवकन्याच्या लग्नात तुमी भर मांडवात सांगितलं की डॉक्टरनं तुमचा डोळा काढून वाटीत ठेवला, धुतला आणि परत बसवला. लोक हसले. आई तुमच्या मागंच बसली व्हती, ती हसली न्हाई. त्या दिवसापासून ती डोळ्यांबद्दल गप हाय. मामी म्हणतात ऑपरेशनच्या दिवशी तुमी दुपारच्या चहाला घरी परत आलता. तरी या, आणि खोटं बोललो म्हणून तुमच्या अक्कापुढं कान धरा. दुसऱ्या कोणाचं ती ऐकायची न्हाई.

ता. क. २ : हे पत्र लिहिलंय हे आईला कळू देऊ नका. तिनं आताच विचारलं कोणाला लिहितोस, मी म्हणलं डीपीसाठी लाईटीच्या ऑफिसला.

ता. क. ३ : आई म्हणती, लाईटीच्या ऑफिसात गुडघेदुखीची मामी असती व्हय? (मला पुटपुटत लिहायची सवय हाय, हे ध्यानातच राह्यलं न्हाई.) आणि म्हणती, धोंड्याला लिही, येताना ती डोळा ठेवलेली वाटी घेऊन ये. दवाखान्यातून आल्यावर मला बघायचीय.